देवभीरू वखारवाला, मुंबईचा गव्हर्नर: जेराल्ड आंजियर

कुलाबाकर

इंग्रजांनी मुंबईत टांकसाळ घातली तेव्हा पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर लॅटिनमध्ये एक ओळ आहे. अर्थ साधारण असा: शांती आणि वृद्धी ईश्वराकडून. नाणं पाडणारी कंपनी म्हणजे नफ्यासाठी पैसे गुंतवून बसलेले लंडनचे भागधारक. ओळ मात्र देवघरातली. ज्याच्या अमलात ही टांकसाळ सुरू झाली तो जेराल्ड आंजियरही नेमका असाच होता: आधी प्रार्थना, मग कापडाचे गठ्ठे आणि मिरीचा भाव.

शाळेच्या पुस्तकात आपण 'हुंड्यात आंदण मिळालेली बेटं' इथून निघतो ते थेट बोरीबंदरच्या आगगाडीत चढतो. मधली माणसं राहून जातात. त्यातल्या या एकाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

थोडी पार्श्वभूमी. १६६१ च्या विवाह-तहात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडलं, कारण इथल्या पोर्तुगीजांना बेट सोडवेना. राजाला मग ते पोसवेना. मार्च १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातलं, वर्षाला १० पौंड भाड्याने. कंपनीचं पश्चिम किनाऱ्यावरचं मुख्य ठाणं सुरतेची वखार. त्यामुळे सुरतेचा प्रेसिडेंट तोच मुंबईचा गव्हर्नर. यातला पहिला, जॉर्ज ऑक्झेंडन, जुलै १६६९ मध्ये सुरतेतच वारला आणि आंजियर त्याच्या जागी आला. पुढची आठ वर्षं, मरेपर्यंत, तो त्या जागेवर होता.

घराणं आयर्लंडमधलं, सरदारी. डब्लिनमध्ये आजही आंजियर स्ट्रीट आहे. वडील चर्चचे पदाधिकारी. अशा घरातला धाकटा मुलगा कंपनीत नोकरीला लागणं हे त्या काळी नवल नव्हतं. जहागीर थोरल्याला जायची, धाकट्याने धर्म, फौज किंवा व्यापार यांतलं एक धरायचं. या गृहस्थाच्या वाट्याला तिन्ही आलं.

त्या काळची सुरतेची वखार म्हणजे निम्मी पेढी, निम्मा मठ. सगळ्यांनी एका वाड्यात राहायचं, एका पंगतीला जेवायचं, रात्री दार बंद. त्याचा सहकारी स्ट्रेनशॅम मास्टर याने १६७२ मध्ये वखारीतला धर्माचार पत्रात सविस्तर लिहून ठेवला आहे: रोजची प्रार्थना, रविवारची उपासना, आणि पाद्री हजर नसला तर वखारीतल्याच कोणीतरी उभं राहून वाचायचं. आंजियरच्या स्वतःच्या पत्रांतही देव पानोपानी भेटतो. मुंबईबद्दल त्याचे शब्द प्रसिद्ध आहेत: ईश्वराच्या साहाय्याने जे शहर वसवायचं आहे, ते. हे तो लिहितो तेव्हा इथे काय होतं? एक पडका कोट, नारळीच्या वाड्या, भातखाचरं, कोळीवाडे आणि भरतीला पाणी आत घेणारी खिंडारं.

१६७२ च्या जूनमध्ये तो मुंबईत आला आणि १६७५ पर्यंत इथेच ठाण मांडून बसला. जे काही घडलं ते मुख्यतः या तीन वर्षांत.

सगळ्यात चिघळलेला प्रश्न जमिनीचा. पोर्तुगीज अमलातले जमीनदार म्हणत, जमीन आमची. कंपनी म्हणे, राजाची होती, आता आमची. कागदपत्रं कोणाचीच धड नाहीत. आंजियरने नोव्हेंबर १६७२ मध्ये तोड काढली. जमीनधारकांनी मिळून कंपनीला दरसाल २०,००० शेराफिन (पोर्तुगीज अमलातलं चांदीचं नाणं) द्यायचे, बदल्यात कंपनी ज्याची त्याला जमीन कायम करून देणार. माझगावची इस्टेट तेवढी वगळली. मला ही त्याची सर्वांत हुशार चाल वाटते. कोर्टात वर्षानुवर्षं भांडून जे मिळालं नसतं ते एका करारात मिळालं, आणि जमीनदारही कंपनीच्या पदराला बांधले गेले.

त्याआधी ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून पोर्तुगीज कायदा बंद झाल्याचा जाहीरनामा निघाला आणि ८ तारखेला इंग्रजी न्यायालयाची स्थापना झाली. त्या दिवशीची मिरवणूक वाचण्यासारखी आहे. पुढे हिरव्या पोशाखातले ५० भंडारी, दोन-दोनच्या रांगेत. मग हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती रहिवाशांचे प्रतिनिधी. मग गव्हर्नरचा कोतवाल घोडा, नगारे, आणि राजाची सनद रेशमी वस्त्रात बांधून घेतलेले चिटणीस. जॉर्ज विल्कॉक्स या न्यायाधीशाला आंजियरने भर सभेत बजावलं की या बेटावर इंग्रज, पोर्तुगीज, मुसलमान, हिंदू असे अनेक लोक राहतात, न्यायासनावर बसलास की सगळ्यांकडे एकाच नजरेने बघ.

आणि मग माणसं आली. गुजरातेतले वाणी, पारशी, आर्मेनियन, विणकर. १६७३ च्या शेवटी इथे आलेला डॉक्टर जॉन फ्रायर म्हणतो, लोकवस्ती ६०,००० झाली, पोर्तुगीजांच्या वेळेपेक्षा ५०,००० जास्त. (हाच फ्रायर पुढे म्हणतो की त्यातले बहुतेक पळून आलेले आणि भटके आहेत. मुंबईत नव्याने येणाऱ्यांबद्दल आधी आलेले लोक तेव्हापासून हेच म्हणत आलेत!)

या सगळ्याचा अर्क म्हणजे मार्च १६७७ मधला निमा पारख या दीवच्या वाण्याशी झालेला करार. पारखाच्या अटी बघा. आमच्या घरात आमचा धर्म बिनधोक पाळू. आमच्या आवारात परधर्मीयाने राहायचं नाही, तिथे जीवहत्या करायची नाही. प्रेतं आमच्या रीतीने जाळू, लग्नाचे विधी आमच्या पद्धतीने करू. कोणाला जबरदस्तीने ख्रिस्ती करायचं नाही, वेठीला धरून ओझी वाहायला लावायचं नाही. कंपनीने हे लिहून दिलं. दीव पोर्तुगीजांचं, हे लक्षात ठेवा. तिथला सावकार या अटी का मागत होता ते मग सांगावं लागत नाही.

माझं म्हणणं असं: आंजियरची भक्ती खरी आणि तागडीही खरी, पण ही दोन वेगळी खाती नव्हती. आपलं दुकान चालावं हीच देवाची इच्छा आहे, असं मनापासून मानणारा तो माणूस होता. तुम्हाला काय वाटतं?

---

दफ्तरदार

लेख छान, पण श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतंय. कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्य १६६१ च्या तहातच होतं. रहिवाशांच्या धर्मात ढवळाढवळ नको हे कंपनीचं आधीपासूनचं धोरण. लंडनहून हुकूम आला, यांनी पाळला. यात आंजियरची भक्ती कुठे आली? उद्या बँकेच्या मॅनेजरने सगळ्या जातीच्या लोकांची खाती उघडली तर त्याला समतेचा पुरस्कर्ता म्हणणार का?

सोपारा

मस्त धागा. वाचतेय. जमिनीच्या कराराबद्दल काहीच माहीत नव्हतं.

कुलाबाकर

@दफ्तरदार, हुकूम तर इतर वखारींनाही यायचे आणि पाळले किती जायचे ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. लंडन सहा-आठ महिन्यांच्या अंतरावर. पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत दोन पावसाळे जायचे. कंपनीने 'छळ करू नका' एवढंच सांगितलं होतं. प्रत्येक जमातीने आपला पंच निवडावा आणि आपापसातले तंटे पंचायतीत मिटवावेत, ही मांडणी आंजियरची. आणि कंपनी त्याच्यावर खूश नव्हतीच. कोट, दारूगोळा, इस्पितळ, प्रत्येक खर्चावर लंडनहून कुरकुर. त्यांना बेट फुकटात सांभाळून हवं होतं.

दादरबावा

पारशी बाजूने थोडी भर. मलबार हिलवरचा आमचा पहिला दख्मा, म्हणजे प्रेतं ठेवायचा मनोरा, याच काळातला. मोदी हिरजी वाच्छा यांनी तो बांधला. फ्रायरने डोंगरावरच्या पारशांच्या नव्या मृतस्थळाची नोंद केली आहे, म्हणजे १६७५ च्या आसपास तो उभा होता. व्यापारी माणूस नवीन गावी जाताना आधी काय बघतो? नफा किती ते नंतर. आधी बघतो की इथे मेलो तर माझं काय करतील. निमा पारखची प्रेतं जाळण्याची अट आणि आमचा दख्मा, दोन्हींत तेच आहे. हे ज्याला कळलं त्याच्याकडे माणसं आली. मग ते देवाला भिऊन कळलं की जकातीकडे बघून, आमच्या पूर्वजांना काय फरक पडला?

दफ्तरदार

@दादरबावा, हा मुद्दा पटला. पण मग धाग्याच्या नावातलं 'देवभीरू' काढा. 😀

वसईचा_किल्ला

दफ्तरदार, देवभीरू काढू नका, कारण शेजारी बघा. साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडे. तिथले पाद्रीही देवभीरूच होते. वांद्र्याला जेझुइटांचा केवढा कारभार. पोर्तुगीज मुलखात बाप मेलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचे कायदे होते, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. माहीमच्या खाडीच्या एका काठावर एक देवभक्ती आणि दुसऱ्या काठावर दुसरी. फरक एवढाच की एका काठावर देवभक्त माणूस हिशेबाची वही घेऊन बसला होता. त्या वहीने त्याच्या भक्तीला आवर घातला असं माझं मत. व्यापाराशिवायची भक्ती राज्यावर बसली की काय होतं ते आमच्या वसईकरांनी दीडशे-दोनशे वर्षं पाहिलं.

रायगडवारी

गोऱ्यांचं कौतुक पुरे झालं. याच काळात महाराजांशी हा माणूस कसा वागला ते का नाही लिहिलं? याच कंपनीच्या लोकांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या बाजूने इंग्रजी निशाण लावून तोफा डागल्या होत्या. नंतर राजापूरची वखार लुटली गेली, वखारीचा मुख्य रेव्हिंग्टन आणि मंडळी कैदेत पडली, आणि हे उलट नुकसानभरपाई मागत फिरत होते. आणि तो जंजिऱ्याचा सिद्दी? मुंबईच्या बंदरात आसरा घेऊन आपल्या मुलखात जाळपोळ करायचा. तेव्हा कुठे गेली होती एक नजर?

कुलाबाकर

@रायगडवारी, लिहायचं ठरवलं होतं, लेख लांबला म्हणून थांबलो. आता विचारलंतच तर.

आंजियरची अडचण अशी की त्याची एक तंगडी मोगलांच्या सुरतेत आणि दुसरी मुंबईत. सुरतेचा सुभेदार रागावला की वखारीला टाळं. इकडे मुंबईला धान्य आणि सरपण पलीकडच्या किनाऱ्यावरून यायचं, आणि तो किनारा महाराजांचा. म्हणून मोगलांच्या चाकरीतल्या सिद्दीला सरळ हाकलता येईना आणि ठेवूनही घेता येईना. १६७३ च्या ऑक्टोबरात सिद्दीचं आरमार मुंबईच्या बंदरात शिरून पेण-नागोठण्याच्या खाड्यांत उतरलं आणि मराठी मुलूख जाळला, हे खरंच आहे. आंजियर निषेध करत बसला. इथे त्याची 'एक नजर' चालली नाही, तुमचं बरोबर.

त्याआधी ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, तेव्हा आंजियर आणि त्याचं मंडळ माल घेऊन सुवाळीच्या बंदरावर होतं. शहरातली वखार स्ट्रेनशॅम मास्टरने थोड्या माणसांनिशी राखली. म्हणजे मराठ्यांचं बळ आंजियरला ऐकून माहीत नव्हतं, जवळून माहीत होतं. म्हणूनच तो वकिलांमागून वकील पाठवत राहिला. १६७२ मध्ये युस्टिक, १६७३ मध्ये निकल्स, आणि १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन. हा ऑक्झेंडन राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता आणि त्याची रोजनिशी आपण अजून वापरतो. दुभाषी नारायण शेणवी.

ऑक्झेंडनच्या वकिलातीत १६७४ मध्ये झालेल्या तहातलं एक कलम माझं आवडतं आहे. इंग्रजांनी मागितलं होतं की आमची नाणी तुमच्या राज्यात चालावीत. महाराजांचं उत्तर असं की ज्यात रयतेला तोटा होईल ते नाणं घ्यायची सक्ती मी करणार नाही. नाणं वजनाला आणि कसाला चोख असेल तर मनाईही करणार नाही. ईश्वराकडून वृद्धी वगैरे तुमच्या नाण्यावर असेल, आमच्याकडे कस लावून घेऊ! व्यापाऱ्याला व्यापाऱ्याच्या भाषेत उत्तर मिळालं. फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल परत द्यावा या मागणीलाही कोकणच्या रिवाजाचा आधार देऊन आधी नकारच आला होता.

रायगडवारी

कसाची गोष्ट भारी. _/\_

भंडारवाडा

मिरवणुकीतले ५० भंडारी वाचून बरं वाटलं. आंजियरने जमीनधारकांची फौज उभारली, सुमारे ६०० माणसं, आणि गस्तीच्या कामात भंडारी होते. पुढे बराच काळ भोंगळ नावाची भली मोठी तुतारी शेरीफच्या पुढे वाजवण्याचा मान भंडाऱ्यांकडे होता. पण कौतुकाने हुरळून जाऊ नये. वेतनी गोऱ्या शिपायांपेक्षा जमीनवाल्याकडून चाकरी घेणं स्वस्त, हा साधा हिशेब त्यामागे होता. जमीन कायम करून दिली, आता ती राखायला ये.

नाणेघाट

हे स्थानिक बळ त्याला १६७३ च्या फेब्रुवारीत उपयोगी पडलं. डचांचा रायक्लॉफ व्हान गून्स मोठं आरमार घेऊन मुंबईवर आला होता. कोट अर्धवट, गोरे शिपाई आजारी आणि तुटपुंजे. आंजियरने तोफा मांडल्या, सगळ्या जमातींतली माणसं उभी केली, आणि डच अंदाज घेऊन निघून गेले. या प्रसंगातल्या त्याच्या वागण्याला इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने तत्त्वज्ञाची शांती आणि रोमन सेनानायकाचं धैर्य अशी दाद दिली आहे. ऑर्म कंपनीचाच माणूस, तेव्हा थोडं पाणी घालून प्यावं.

सोपारा

सगळ्यांनी पुरुषांचंच लिहिलं. इंग्रज बायकांचं काय? कंपनीने शिपायांशी लग्न करायला इंग्लंडहून बायका पाठवल्या होत्या ना?

कुलाबाकर

@सोपारा, हो. आणि तिथे हा देवभीरू माणूस अजिबात मवाळ दिसत नाही. शिपायांनी इथल्या कॅथलिक बायकांशी लग्नं केली की मुलं कॅथलिक होतात, ही प्रॉटेस्टंट मंडळींची काळजी. म्हणून बायका मागवल्या. त्यांच्यातल्या काहींची वागणूक 'राष्ट्राला आणि धर्माला लाज आणणारी' ठरली. तेव्हा सुरतेहून मुंबईला हुकूम गेला की आधी नीट समज द्या, तरी ऐकलं नाही तर कोंडून ठेवा, आणि जहाजावर चढवून परत पाठवेपर्यंत पाव आणि पाण्यावर ठेवा. हजारो मैल ओलांडून, बहुधा गरिबीपायी आलेल्या बायका या.

शिपायांचंही तेच. पगार आणि महागाईवरून १६७४ मध्ये बंडाळी झाली. कप्तान शॅक्सटनची नोकरी गेली, कॉर्पोरल फेक नावाच्या शिपायाला गोळी घातली गेली. निमा पारखच्या अटी लिहून दिल्या जातात, कारण पारख उद्या दीवला परत जाऊ शकतो. शिपाई कुठे जाणार? आंजियरची उदारता जाऊ शकणाऱ्यांसाठी होती. ज्यांना जाता येत नव्हतं त्यांच्या वाट्याला फक्त शिस्त आली. मूळ लेखात 'दोन वेगळी खाती नव्हती' म्हटलं ते यासाठीच. धर्म आणि हिशेब दोन्ही एका दिशेला ओढत होते तिथे तो थोर दिसतो. शिपाई आणि बायका यांच्या बाबतीतही दोन्ही एका दिशेलाच ओढत होते, फक्त उलट्या.

दफ्तरदार

आता बोललात! हा परिच्छेद मूळ लेखात हवा होता.

वसईचा_किल्ला

चर्चचं काय झालं? इतका धार्मिक माणूस, त्याने बांधलं नाही का?

कुलाबाकर

बांधायला घेतलं. वर्गणी जमवली, पाया घातला, भिंती पाच यार्डांपर्यंत, म्हणजे १५ फूट वर आल्या, आणि काम थांबलं. १६७५ मध्ये त्याने इथल्या ख्रिस्ती समाजाला दिलेला उपासनेचा चषक मात्र टिकला. तो फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या ठेव्यात आहे. ३० जून १६७७ ला पहाटे, लांबलेल्या आजारानंतर, आंजियर सुरतेत वारला. बातमी ऐकून मुंबईच्या मंडळाने लिहिलं की शब्द वाढवले तर दुःख वाढेल, पण नुकसान केवढं ते सांगता येणार नाही. पुढे प्रवासी अलेक्झांडर हॅमिल्टनने उघड आरोप केला की चर्चचा पैसा नंतरचा गव्हर्नर जॉन चाइल्ड याने गिळला. हॅमिल्टनचं आणि चाइल्डचं वाकडं होतं, पण भिंती जवळजवळ ४० वर्षं तशाच उभ्या होत्या हे नक्की. शेवटी रिचर्ड कॉब या पाद्र्याने पुन्हा वर्गणी काढून १७१८ च्या नाताळात ते उघडलं.

नाणेघाट

आणि त्या उद्घाटनाला रामा कामाठी आपल्या सगळ्या जातवाल्यांसह येऊन पूर्ण उपासना संपेपर्यंत उभा होता. कॉबने स्वतः लिहून ठेवलंय. शेणवी समाजातला बडा सावकार, कंपनीचा जुना विश्वासू, शिपायांचा सरदार. दोनच वर्षांनी, १७२० मध्ये, कान्होजी आंग्र्यांशी संगनमत केल्याच्या आरोपाखाली त्याच मुंबईत त्याच्यावर खटला चालला. मालमत्ता जप्त, जन्मठेप. पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट होती असं नंतर उघड झालं, तोवर बिचारा कैदेत मेला होता. विल्कॉक्सला दिलेल्या त्या उपदेशाला तेव्हा ५० वर्षंही झाली नव्हती.

सोपारा

अरे बापरे. रामा कामाठीवर वेगळा धागा काढा ना कोणीतरी.

नाणेघाट

काढतो. खटल्याचे कागद मोठे आहेत, दोन भागांत टाकेन.